डेल्को काढलाय? मग बसवताना टायमिंग असं धरा (मारुती ८००, ओम्नी आणि जुन्या कार्बोरेटर गाड्या)

सातारा-सांगली भागात कार्बोरेटरची मारुती ८०० आणि ओम्नी अजून बऱ्याच घरी आहे, कुणाच्या वडिलांनी घेतलेली, कुणाची शेतावर जायची, त्यामुळे विकवत नाही. पण डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला त्याच्या वेळी ठिणगी वाटणारा भाग, गॅरेजमध्ये ज्याला डेल्को म्हणतात, तो काढून परत नीट बसवणारे जुने मिस्त्री आता कमी होत चाललेत, आणि लय गाड्या ओरिंग (ऑइल गळू नये म्हणून असलेली रबरी रिंग) बदलायला म्हणून डेल्को काढला आणि नंतर स्टार्टच झाल्या नाहीत म्हणून टोचन करून न्याव्या लागतात. खरं सांगायचं तर काम अवघड नाहीये, फक्त काढायच्या आधी खुणा करायला पाहिजेत, आणि खुणा एक नाही तर तीन.

आधी इंजिन एक नंबरच्या टॉपला आणा, म्हणजे एक नंबर सिलिंडरचा पिस्टन सगळ्यात वर. ८०० मध्ये एक नंबर सिलिंडर म्हणजे टायमिंग बेल्टच्या बाजूचा. प्लग तिन्ही काढून ठेवा म्हणजे इंजिन हलकं फिरतं, मग पुलीच्या बोल्टला पाना लावून फिरवा. ८०० मध्ये पान्याला जागा होत नसेल तर (ओम्नी आणि पद्मिनी मागच्या चाकांवर चालतात, त्यांना ही युक्ती नाही) हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं एक चाक जॅकवर उचला, खाली स्टँड द्या, टॉप गिअर टाका आणि ते चाक हाताने पुढच्या दिशेने फिरवा, इंजिन अगदी हळू आणि हवं तेवढंच फिरतं. हे सगळं करताना इग्निशन बंद आणि बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. इंजिन नेहमी चालायच्या दिशेनेच फिरवायचं, खूण पुढे गेली तर थोडं मागे आणून चालत नाही कारण गिअरमधला ढिलेपणा मध्ये येतो, बरंच मागे नेऊन परत पुढे आणायचं. टॉपची खूण काही इंजिनांत पुलीवर असते, काहींत फ्लायव्हीलवर, ती गिअरबॉक्सच्या हाउसिंगवरचं रबरी बूच काढलं की दिसते.

आता कॅप काढा, वायरी कॅपमधून उपटू नका, तशाच बाजूला सरकवा. रोटर, म्हणजे कॅपखाली फिरणारा तुकडा, एक नंबरच्या वायरच्या टर्मिनलकडे असला पाहिजे. नसेल तर तुम्ही एक्झॉस्टच्या टॉपला आहात, क्रँक अजून एक पूर्ण फेरा फिरवा. फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा डेल्कोचा एक होतो, म्हणून तीच खूण दोनदा समोर येते आणि माणूस तिथंच फसतो.

आता खुणा. पहिली, डेल्कोच्या बॉडीवरून खाली तो जिथं बसतो त्या भागापर्यंत एक सरळ रेघ, खिळ्याने किंवा पांढऱ्या मार्करने. दुसरी, रोटरचं टोक जिथं आहे तिथं बॉडीच्या काठावर. मग व्हॅक्यूमचा पाईप आणि वायरचं कनेक्शन काढा, बोल्ट सोडा आणि डेल्को सरळ बाहेर ओढा, ओढताना नजर रोटरवरच ठेवा. खालचा गिअर तिरक्या दातांचा असतो त्यामुळे बाहेर येताना रोटर थोडा फिरतो आणि दात सुटले की थांबतो. तो जिथं थांबला तिथं काठावर तिसरी खूण. ही तिसरी खूण बहुतेक जण करतच नाहीत आणि मग बसवताना अर्धा दिवस जातो. फोटो काढलात तर चांगलंच, पण फोटो तिरका येतो, रेघ खोटं बोलत नाही. नंतर डेल्को बाहेर असेपर्यंत इंजिनला हात लावायचा नाही, सेल्फ तर अजिबात नाही, आणि भोकात चिंधी कोंबून ठेवा.

बसवताना ओरिंग नवीन टाका, इंजिन ऑइलचं बोट फिरवा, जुनी ओरिंग प्लास्टिकसारखी कडक झालेली असते ती परत लावून काही उपयोग नाही. पॉईंटवाला डेल्को असेल (पॉईंट म्हणजे कॉईलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) तर त्यांचा गॅप आत्ताच फिलर गेजने लावा, ८०० ला साधारण ०.४ ते ०.५ मिमी, कारण गॅप बदलला की टायमिंग पण बदलतं, उलट क्रमाने केलं तर टायमिंग दुसऱ्यांदा करायला लागतं. मग रोटर तिसऱ्या खुणेवर, बॉडीची रेघ खालच्या रेघेसमोर, आणि सरळ आत सोडा. आत जाताना रोटर फिरून दुसऱ्या खुणेवर येऊन थांबला की झालं. थोडा अलीकडे किंवा पलीकडे थांबला तर एक दात चुकलाय, परत वर काढा आणि रोटर तेवढा सरकवून पुन्हा सोडा. इथं बरेच जण बॉडी फिरवून भागवून घेतात. तसं केलं तर एकतर बोल्ट खाचेच्या टोकाला जाऊन अडकतो नाहीतर व्हॅक्यूमचा डबा कशाला तरी टेकतो आणि टायमिंग करायला वावच उरत नाही. आणि फ्लँज (डेल्कोचा बोल्टने आवळायचा काठ) पूर्ण टेकला नाही तर बोल्ट आवळून खाली ओढू नका, कान तुटतो. काही दुसऱ्या इंजिनांत त्याच शाफ्टवर ऑइल पंप चालतो, तिथं पंपाची जीभ खाचेत बसली नसेल तर असं होतं.

आता समजा इंजिन मध्येच फिरलं किंवा डेल्को सुटाच तुमच्याकडे आलाय, खुणा काहीच नाहीत. एक नंबरच्या प्लगच्या भोकावर बोट दाबून धरा आणि इंजिन हाताने फिरवा, बोट बाहेर ढकललं जायला लागलं की कॉम्प्रेशन सुरू, तिथून टॉपच्या खुणेपर्यंत न्या. मग डेल्को असा सोडा की बसल्यावर रोटर कॅपमधल्या एक नंबरवर येईल. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी मिळायचा क्रम, ८०० ला १-३-२, पद्मिनीला १-३-४-२, आणि ती रोटर फिरतो त्या दिशेने मोजायची. चार सिलिंडरला डेल्को अर्धा फेरा उलटा बसला तर वायरी समोरासमोर बदलून गाडी चालू होते. ८०० ला हा जुगाड चालत नाही, कारण तीन टर्मिनल १२० अंशांवर असतात आणि अर्धा फेरा चुकला की रोटर बरोबर दोन टर्मिनलच्या मध्ये येतो. मग कार्बोरेटरमधून फटाके आणि सायलेन्सरमधून धूर, एवढंच.

पॉईंट असेल तर गाडी चालू न करता टायमिंग लावता येतं. इंजिन टॉपला नाही, तर टायमिंगच्या डिग्रीवर (टॉपच्या काही अंश आधी) आणा, किती ते मॅन्युअलमध्ये बघा. १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प कॉईलच्या पॉईंटकडच्या टर्मिनलला आणि अर्थला लावा, बॅटरी जोडून इग्निशन ऑन. बॉडी रोटरच्या दिशेने फिरवा, लॅम्प विझेल, मग हळू उलट फिरवा आणि ज्या क्षणी लॅम्प पेटेल तिथं थांबा. बोल्ट हलका आवळा. इलेक्ट्रॉनिकवाल्याला हे जमत नाही, त्याला गाडी गरम करून टायमिंग लाईटच लागते, व्हॅक्यूमचा पाईप काढून बूच मारायचं आणि आयडलवर बघायचं. बाहीचं टोक आणि वायरी बेल्टपासून लांब. बॉडी रोटरच्या उलट दिशेने फिरवली की टायमिंग पुढे जातं, रोटरच्या दिशेने फिरवली की मागे. बोल्ट पूर्ण आवळल्यावर एकदा परत बघा, आवळताना बॉडी हमखास थोडी सरकते.

खरी परीक्षा चढाला होते. साताऱ्यात असाल तर समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट घ्या, सांगलीच्या बाजूला सपाट रस्ता जास्त त्यामुळे तिथं भरलेली गाडी घेऊन टॉप गिअरला कमी स्पीडवरून रेस द्या. इंजिनातून टिकटिक खडखड आवाज आला तर टायमिंग पुढे झालंय, किंचित मागे घ्या, तसंच चालवलं तर पिस्टन खराब होतात. पिकअप मेलाय, गाडी तापतेय, सायलेन्सर जास्त गरम, तर मागे राहिलंय. आणि कासकडे पावसाळ्यात जाणार असाल तर कॅप आतून कोरडी पुसून घ्या, आत केसासारखी काळी रेघ दिसली तर ती कॅप बदलाच, घासून काही होत नाही.

नवीन पॉईंट टाकले असतील तर काही दिवस गाडी चालली की गॅप परत बघा, पॉईंटची टाच सुरुवातीला झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग आपोआप मागे सरकतं.