गृहनिर्माण संस्थेच्या समितीत स्वतःचा हितसंबंध आड आला तर काय करावे

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापक समितीवरील माणसे नोकरीधंदा सांभाळून विनामोबदला काम करतात, आणि म्हणूनच गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी सचिवांच्या मेहुण्याचे नाव पुढे आले की सभेत कोणी हरकत घेत नाही. कुजबुज नंतर जिन्यात होते. हे टाळण्यासाठी नव्या समितीच्या पहिल्याच सभेत प्रत्येक सदस्याने आपले आणि जवळच्या नातेवाइकांचे संस्थेशी संबंध येऊ शकतील असे व्यवसाय लेखी कळवावेत. दरपत्रके उघडल्यानंतर केलेल्या खुलाशावर कोणाचा विश्वास बसत नाही.

संस्थेच्या कंत्राटात समिती सदस्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असता कामा नये, असे आदर्श उपविधी, म्हणजे सहकार खात्याने संस्थांसाठी तयार केलेली नमुना नियमावली, सांगतात. पत्नीच्या नावावरची फर्म ‘अप्रत्यक्ष’मध्ये येतेच, चुलतभावाबद्दल वाद होऊ शकतो, पण शंका असेल तेथे संबंध आहे असेच धरावे. पुनर्विकासाबाबत तर ३ जानेवारी २००९ च्या महाराष्ट्र शासनाच्या निर्देशांनी समिती सदस्यांना आणि त्यांच्या नातेवाइकांना काम देण्यास स्पष्ट मनाई केली होती.

विषय चर्चेला आला की संबंधित सदस्याने सभेतून बाहेर जावे. नुसते गप्प बसणे पुरेसे नाही, कारण त्याच्यासमोर ‘हा दर जास्त आहे’ असे म्हणण्याचा संकोच इतरांना होतोच. इतिवृत्तात ‘अमुक सदस्यांनी हितसंबंध जाहीर केला व चर्चेच्या वेळी ते अनुपस्थित होते’ अशी नोंद घ्यावी. सचिवच संबंधित असतील तर त्या विषयापुरते इतिवृत्त दुसऱ्याने लिहावे. मतदानाच्या वेळी बाहेर जाणारा सदस्यच अनेकदा आधी दरपत्रके गोळा करतो, पुढे कामावर देखरेख ठेवतो आणि शेवटी धनादेशावर सही करतो, तेव्हा या तिन्ही गोष्टींपासूनही त्याला दूर ठेवावे. त्याच्या अनुपस्थितीत गणपूर्ती (सभेसाठी लागणारी किमान सदस्यसंख्या) होत नसेल, तर विषय सर्वसाधारण सभेपुढे न्यावा.

माझ्या मते खरी कसोटी कंत्राटांपेक्षा पार्किंगमध्ये लागते, कारण तेथे बहुधा सगळ्याच समितीचा हितसंबंध असतो आणि बाहेर जायचे ठरवले तर सभेत कोणीच उरत नाही. जागा गाड्यांपेक्षा कमी असतील, तर समितीने निवड करत बसू नये. सर्वसाधारण सभेत, सर्वांसमोर सोडत काढावी.