आयपॅड, गॅलॅक्सी की फायर? घरात मूल असताना टॅब्लेट निवडताना या चुका टाळा

आयपॅड घ्यावा, सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब घ्यावा की अ‍ॅमेझॉनचा फायर, यावर वाद होतो तो प्रोसेसर, रॅम आणि कॅमेऱ्यावरून. सात-आठ वर्षांच्या मुलाला यातलं फारसं काही जाणवत नाही. चित्रं रंगवायला, गोष्टी ऐकायला, शाळेचे व्हिडिओ बघायला बऱ्या कंपनीचा मधल्या श्रेणीतला कुठलाही टॅब्लेट पुरतो. घरात मूल असताना टॅब्लेटची खरेदी फसते ती वेगळ्याच कारणांनी. तो नक्की कोणाचा, त्यावर खातं कोणाचं आणि लगाम कोणाच्या फोनवर, याचा विचार खोका उघडल्यानंतर सुरू होतो. तोवर उशीर झालेला असतो.

‘सगळ्यांना मिळून एक’ म्हणून आयपॅड घेणं

ही चूक सर्वात महागात पडते. घरगुती वापराच्या आयपॅडवर एकापेक्षा जास्त वापरकर्ते ठेवता येत नाहीत. शाळा आणि कंपन्यांसाठी ‘शेअर्ड आयपॅड’ नावाची सोय आहे, पण ती घरच्या खात्यावर मिळत नाही. म्हणजे आयपॅडवर आईचं खातं असेल, तर आईचे फोटो, मेल आणि मेसेज मुलाच्याही बोटाखाली येतात. मुलाचं खातं असेल, तर त्याच्यावरची बंधनं आईलाही लागू. रात्री मुलं झोपल्यावर आई काही बघायला बसते आणि समोर ‘वेळ संपली’ अशी पाटी येते.

अँड्रॉइडमध्ये टॅब्लेटवर वेगवेगळे वापरकर्ते ठेवायची सोय २०१२ पासून, म्हणजे ४.२ आवृत्तीपासून आहे. गॅलॅक्सी टॅबवर ती मिळते. पण अँड्रॉइड वापरणारी प्रत्येक कंपनी ती देतेच असं नाही, त्यामुळे घेण्याआधी सेटिंगमध्ये ‘मल्टिपल यूजर्स’ किंवा नुसतं ‘यूजर्स’ शोधून बघा. फायरवर मोठ्यांची आणि मुलांची प्रोफाइल वेगळी असतात. मुलाच्या प्रोफाइलमध्ये तुम्ही परवानगी दिलेल्याच गोष्टी दिसतात.

माझा हिशेब सरळ आहे. टॅब्लेट पूर्णपणे मुलाचा असेल, तर आयपॅडचा विचार जरूर करा. तो दिवसा मुलाचा आणि रात्री तुमचा होणार असेल, तर आयपॅड कितीही देखणा असला तरी दुसरीकडे बघा. वेगवेगळे वापरकर्ते ठेवले तरी स्टोरेज मात्र सगळ्यांचं एकच असतं, हे लक्षात असू द्या. तिघांचे गेम आणि तिघांचे डाउनलोड एकाच जागेत बसवायचे असतात.

आई-वडिलांचे फोन कोणते, हे न बघणं

मुलाच्या टॅब्लेटवर लक्ष ठेवायचं ते आपल्या फोनवरून. इथे एक विषमता आहे, जी विक्रेता सांगत नाही. गूगलचं ‘फॅमिली लिंक’ पालकांच्या आयफोनवरही चालतं, म्हणजे आई-बाबांकडे आयफोन असले तरी मुलाच्या अँड्रॉइड टॅब्लेटवर वेळेची मर्यादा लावता येते. उलट मात्र जमत नाही. अ‍ॅपलच्या ‘स्क्रीन टाइम’चं नियंत्रण दुरून करायला अ‍ॅपलचंच उपकरण लागतं. दोघांकडे अँड्रॉइड फोन आणि मुलाला आयपॅड अशी जोडी असेल, तर दर वेळी आयपॅड हातात घेऊन, पासकोड टाकून सेटिंग बदलावी लागतात. मूल मामाकडे राहायला गेलं की तेही संपलं.

फायरचं पालकांसाठीचं डॅशबोर्ड ब्राउझरमध्ये उघडतं, त्यामुळे तिथे फोन कोणता हा प्रश्नच येत नाही.

फोन कोणता, याला जोडून आधीची खरेदीही मोजा. अँड्रॉइडवर विकत घेतलेली अ‍ॅप आयपॅडवर फुकट येत नाहीत, आणि आयपॅडवरची अँड्रॉइडवर येत नाहीत. मोठ्या भावंडासाठी चार शैक्षणिक अ‍ॅप घेऊन ठेवली असतील, तर धाकट्याचा टॅब्लेट त्याच जातीचा असलेला बरा.

आपलंच खातं उघडून मुलाच्या हातात देणं

‘नंतर बघू’ म्हणत बहुतेक जण हेच करतात. खात्याला कार्ड जोडलेलं असतं, पासवर्ड लक्षात ठेवलेला असतो आणि गेममध्ये रत्नांची पेटी चमकत असते. हा प्रकार इतका वाढला होता की ग्राहकांचं हित बघणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिन्ही मोठ्या कंपन्यांना धरलं. मुलांनी पालकांच्या नकळत केलेल्या खरेदीपोटी २०१४ मध्ये अ‍ॅपलने किमान ३.२५ कोटी आणि गूगलने किमान १.९ कोटी डॉलर परत करायचं मान्य केलं. अ‍ॅमेझॉनचं प्रकरण कोर्टात गेलं. २०१६ मध्ये निकाल कंपनीविरुद्ध लागला आणि पुढे पैसे परत करावे लागले. त्यानंतर तिन्हीकडे कुलुपं आली, पण ती लावायची तुम्हालाच.

आयपॅडवर मुलाचं खातं ‘फॅमिली शेअरिंग’मधून तयार करा. या गटात एकूण सहा जण बसतात. मग ‘आस्क टू बाय’ चालू ठेवा, म्हणजे मुलाने काही घ्यायचं म्हटलं की तुमच्या फोनवर परवानगी मागितली जाते. अँड्रॉइडवर मुलाचं खातं फॅमिली लिंकमधून करा आणि प्रत्येक खरेदीला मंजुरी लागेल असं ठेवा. फायरवर मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावा आणि अ‍ॅपमधली खरेदी बंद करा.

खातं करताना मुलाचं जन्मसाल खरंच टाका. कटकट नको म्हणून दहा वर्षांच्या मुलाला वीस वर्षांचा केला, तर वयानुसार आपोआप लागणारे निर्बंधही गेले.

मर्यादा लावली, तरी टॅब्लेट चालूच

यावर पालक सर्वात जास्त वैतागतात, म्हणून जरा तपशिलात जाऊ.

आयपॅडवर एक तासाची मर्यादा लावली. तास भरला, पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं. मुलाने ‘इग्नोर लिमिट’ दाबलं आणि गेम पुन्हा सुरू. आयपॅड बिघडलेला नाही. स्क्रीन टाइमला वेगळा पासकोड लावलेला नसला, की मर्यादा ही नुसती आठवण असते. पासकोड लावल्यावर त्या अ‍ॅपच्या मर्यादेखाली ‘ब्लॉक अ‍ॅट एंड ऑफ लिमिट’ नावाचं बटण दिसतं. ते चालू आहे ना बघा. हा पासकोड आणि टॅब्लेट उघडायचा पासकोड एकच ठेवू नका. तो टाकताना मूल शेजारी बसलेलं नको, कारण चार आकडे पाठ करण्यात मुलं आपल्यापेक्षा हुशार असतात. पासकोड विसरलात तर सोडवण्यासाठी तुमचं स्वतःचं अ‍ॅपल खातं जोडायला तिथे विचारतात. ते टाळू नका, आणि तिथे मुलाचं खातं तर मुळीच देऊ नका.

तरीही मर्यादा लागत नसेल, तर ‘ऑलवेज अलाउड’ची, म्हणजे मर्यादेतून वगळलेल्या अ‍ॅपची यादी उघडा. एखादा गेम तिथे जाऊन बसलेला सापडतो. अ‍ॅप काढून पुन्हा टाकायची युक्तीही मुलांना ठाऊक असते. ‘कंटेंट अँड प्रायव्हसी’खाली अ‍ॅप टाकणं आणि काढणं दोन्ही बंद करता येतं. यूट्यूबच्या अ‍ॅपवर मर्यादा आहे पण ब्राउझर मोकळा आहे, असंही होतं. मग मूल तेच व्हिडिओ ब्राउझरमध्ये बघतं.

फॅमिली लिंकमध्ये तक्रार बहुधा वेगळी असते. तुम्ही फोनवरून वेळ वाढवलीत किंवा कमी केलीत, पण टॅब्लेट ऐकत नाही. आधी टॅब्लेटचं वाय-फाय चालू आहे का बघा. इंटरनेट नसेल तर तुमचा हुकूम तिथे पोचतच नाही. दिवसाची एकूण मर्यादा आणि एकेका अ‍ॅपची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही तपासा.

अगदी लहान मुलासाठी मर्यादेपेक्षा एकाच अ‍ॅपमध्ये डांबणं जास्त कामाचं. आयपॅडवर अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये ‘गाइडेड अ‍ॅक्सेस’ चालू करा. मग अ‍ॅप उघडून वरचं बटण तीनदा दाबलं की मूल त्या अ‍ॅपच्या बाहेर जाऊ शकत नाही. पडद्यावर बोटाने गोल काढून तेवढा भाग निकामीही करता येतो. जाहिरातीचा पट्टा किंवा ‘विकत घ्या’चं बटण असं झाकून टाकायला ही फार छान सोय आहे. अँड्रॉइडमध्ये यासाठी ‘अ‍ॅप पिनिंग’ आहे. तिथे ‘अनपिन करण्याआधी पिन विचारा’ हा पर्याय चालू नसेल, तर मूल दोन मिनिटांत बाहेर पडतं.

फायर म्हणजे स्वस्तातला अँड्रॉइड, हा समज

फायरची प्रणाली अँड्रॉइडवरच बेतलेली आहे, पण त्यात गूगलचं प्ले स्टोअर नसतं. अ‍ॅप येतात ती अ‍ॅमेझॉनच्या दुकानातून, आणि तिथे सगळी मिळत नाहीत. शाळा जी अ‍ॅप वापरते त्यांची यादी आधी हातात घ्या आणि एकेक नाव त्या दुकानात शोधा. एखादं नसेल तर तिथेच थांबा. प्ले स्टोअर आडमार्गाने टाकायच्या कृती जागोजागी सापडतात. पण मुलाच्या टॅब्लेटवर असे उद्योग करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, कारण पुढचा अपडेट आला की सगळं कधी मोडेल याचा नेम नाही.

फायरची ‘किड्स’ आवृत्ती वेगळं यंत्र आहे असं समजून तुलना करू नका. आतला टॅब्लेट साध्या फायरसारखाच असतो. वरचे पैसे जातात ते जाड कव्हर, मुलांच्या सामग्रीची ठराविक मुदतीची वर्गणी आणि मोडतोड झाली तरी बदलून देणारी दोन वर्षांची हमी यासाठी. हातातली वस्तू आपटणाऱ्या मुलासाठी ही हमी खरंच मोलाची आहे. वर्गणी मात्र मुदत संपल्यावर आपोआप पुढे चालू राहते. नको असेल तर ती वेळेत बंद करा.

खोक्यावरचे आकडे वाचून फसणं

‘३२ जीबी’मधला मोठा भाग प्रणालीच खाते. मुलांचे गेम आणि प्रवासासाठी उतरवलेले व्हिडिओ यांना ६४ सुद्धा लवकर अपुरे पडतात. आयपॅडला मेमरी कार्डाची जागा नाही, म्हणून तिथे स्टोरेज सुरुवातीलाच पुरेसं घ्या. बऱ्याच अँड्रॉइड टॅब्लेटना आणि फायरना कार्ड लागतं, पण कार्डावर व्हिडिओ ठेवता आला म्हणजे अ‍ॅपही ठेवता येईल असं नाही.

‘फुल एचडी स्क्रीन’ लिहिलंय, तरी चित्रपट धुरकट दिसतो? अनोळखी अँड्रॉइड टॅब्लेटमध्ये हे घडतं. संरक्षित व्हिडिओसाठी ‘वाइडवाइन’ नावाची व्यवस्था असते. टॅब्लेट तिच्या एल १ पातळीचा नसून एल ३ चा असेल, तर स्ट्रीमिंग सेवा सहसा ४८० पीच्या वर चित्र देत नाहीत. नेटफ्लिक्सच्या अ‍ॅपमध्ये सेटिंगखाली ‘प्लेबॅक स्पेसिफिकेशन’मध्ये हे दिसतं. सेटिंग बदलून हे सुधारत नाही. परत करायची मुदत असेल तर परत करा.

अनोळखी कंपनीच्या टॅब्लेटवर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट’ उघडून गूगलच्या तपासणीचं, म्हणजे प्ले प्रोटेक्टचं प्रमाणपत्र आहे का, तेही बघा. नसेल तर तो मुलाला देऊ नये. कारखान्यातूनच घातक सॉफ्टवेअर भरून आलेली स्वस्त अँड्रॉइड उपकरणं सुरक्षा संशोधकांना सापडली आहेत.

पेन हा असाच एक सापळा. आयपॅडची पेन्सिल वेगळी घ्यावी लागते आणि प्रत्येक आयपॅडला प्रत्येक पेन्सिल चालत नाही. २०२२ च्या साध्या आयपॅडला यूएसबी-सी होतं, पण चालायची पहिल्या पिढीची पेन्सिल, आणि ती चार्ज करायला अ‍ॅडाप्टर लागायचा. यूएसबी-सीची पेन्सिल पुढच्या वर्षी आली. गॅलॅक्सी टॅब एस मालिकेत पेन बहुधा खोक्यातच मिळतो, आणि त्याने लिहायला तो चार्ज असावा लागत नाही. सॅमसंगच्याच ए मालिकेतल्या ए ९ आणि ए ९ प्लसवर तो चालत नाही. चित्रं काढणारं मूल असेल, तर एस आणि ए मधला फरक इथेच आहे.

साध्या आयपॅडला २०२२ पासून हेडफोनचं भोक नाही. घरातला तारेचा हेडफोन म्हणून आयत्या वेळी निरुपयोगी ठरतो. हेडफोनवरून आठवलं, आवाजाची कमाल पातळी सेटिंगमधून बांधून टाका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित श्रवणाच्या मानकात मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल ही मर्यादा धरलेली आहे. त्याच संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलाने दिवसात तासाभरापेक्षा जास्त वेळ स्क्रीनसमोर बसू नये, आणि त्याहून लहानाला स्क्रीन न दिलेलीच बरी. दीड वर्षाच्या बाळासाठी कुठला टॅब्लेट, याचं उत्तर त्यातच आलं.

जुना टॅब्लेट घेताना घाई करणं

जुना आयपॅड आधीच्या मालकाच्या खात्याशी बांधलेला असेल, तर सगळं पुसूनही तो त्याचाच पासवर्ड मागतो. अँड्रॉइडमध्येही असंच कुलूप आहे. म्हणून विक्रेत्याला आपल्यासमोर खात्यातून बाहेर पडायला सांगा, टॅब्लेट पुसायला सांगा आणि सुरुवातीच्या स्वागताच्या पडद्यापासून पुढे जाऊन तो वाय-फायला जोडून बघा. कोणाचंही जुनं खातं न मागता मुख्य पडदा दिसला, तरच पैसे द्या. त्याच बैठकीत शेवटचा सुरक्षा अपडेट कोणत्या महिन्याचा आहे तेही सेटिंगमध्ये वाचा. दोन-तीन वर्षांपूर्वीचा असेल, तर किंमत कितीही उतरवली तरी तो टॅब्लेट सोडून द्या.