एका हातानं कॉम्प्युटर चालवताय? या चुका टाळा

लकवा असू दे, ॲक्सिडेंट असू दे, हाताचा कंप असू दे, घरात कुणाला कीबोर्ड-माऊस जड जायला लागला की आपल्याकडं पहिलं काम काय, तर बेळगावला जाऊन महागडा माऊस आणायचा. थांबा की जरा. निम्मी सोय विंडोजच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत फुकट पडून आहे.

शिफ्ट पाच वेळा दाबलं की स्टिकी कीज चालू करू का म्हणून विचारतं, आपण वैतागून नो करतो. अहो, एका हाताची खरी सोय तीच. शिफ्ट दाबून सोडायचं, मग अक्षर दाबायचं. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीवर मराठी टाइप करणाऱ्याला तर हे पाहिजेच, क साधा पण ख ला शिफ्ट, ग साधा पण घ ला शिफ्ट. "चालू केलेलं आपोआप बंद होतंय" म्हणतात, तर आपोआप काही होत नाही, घरातलं पोरगं येऊन दोन बोटांनी कंट्रोल-सी दाबतं आणि दोन बटणं एकदम दाबली की स्टिकी कीज बंद, असा एक पर्याय आत चालू असतो, तो बंद करा. त्याहून बरं म्हणजे वेगळं लॉगिनच करून द्या, ज्याची सेटिंग त्याच्यापाशी. आणि शिफ्ट लागोपाठ दोनदा दाबलं गेलं तर लॉक होऊन बसतं, सगळी अक्षरं शिफ्टमधलीच येतात. तिसऱ्यांदा दाबा, सुटतं.

उजव्या शिफ्टवर हात टेकून बसायची सवय असेल तर आठ सेकंदांनी फिल्टर कीजची, म्हणजे चुकून ओझरती दाबलेली बटणं सोडून द्यायच्या सोयीची, चौकट येते, तिथं चुकून येस झालं की कीबोर्ड मेल्यासारखा वाटतो. नवीन कीबोर्ड आणायला पळू नका, तेच बटण परत आठ सेकंद दाबून धरा. कंप असणाऱ्यांनी मात्र फिल्टर कीज बंद करू नये, फक्त बटण जितका वेळ धरावं लागतं ती वेळ कमी करावी.

माऊस कीज, म्हणजे नंबरपॅडनं माऊस चालवायची सोय, चालू असताना नंबरपॅडवर आकडे उमटत नाहीत, बाण हलतो. बिघाड नव्हे तो.

आता बोलून टाइप करायचं. गूगल डॉक्समध्ये आधी भाषा मराठी निवडा, नाहीतर तुमचं मराठी कसल्या तरी इंग्लिशमध्ये उतरतं. एका वेळी एकच भाषा कळते त्याला, आणि आपल्याकडं दारात कोण आलं की मध्येच कानडीत "बर्री, कुंडरी" (या, बसा) होतंच, तेही बिचारं मराठी समजून लिहून ठेवतं, म्हणून आधी माईक बंद करा. "पूर्णविराम" म्हटलं तर तो शब्दच लिहितं, टिंब हातानंच द्यायचं. लाईट गेली की राऊटर बंद आणि बोलणंही बंद, तेव्हा मोबाईलचा हॉटस्पॉट तयार ठेवा.

एवढं करूनही माऊस जमत नसेल तर ट्रॅकबॉल, म्हणजे जागेवरच ठेवून वरचा गोळा फिरवायचा माऊस, घ्या, पण दुकानात हात ठेवून बघूनच. अंगठ्यानं फिरवायचे बहुतेक उजव्या हाताचे असतात, उजवी बाजूच गेलेली असेल तर बोटांनी फिरवायचा, मध्ये गोळा असलेला मागा.