मॉन्टेगो बेहून एका दिवसात नेग्रिल: बीच आणि सूर्यास्त दोन्ही नीट पदरात पाडून घ्यायचं तर

जमैकाला जाणाऱ्या बऱ्याच जणांचा मुक्काम मॉन्टेगो बेला असतो, विमानतळ तिथेच आहे म्हणून, आणि मग दुसऱ्या तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या लॉबीत कोणीतरी सांगतं की नेग्रिलला जाऊन या, सूर्यास्त बघून या. बघाच. नेग्रिल म्हणजे जमैकाचं अगदी पश्चिमेचं टोक, समोर नुसता समुद्र, सूर्य आणि तुमच्यामध्ये काही म्हणजे काही नाही. मी दोनदा गेले आणि दोन्ही दिवसांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक होता, तो फरक कशाने पडला ते सगळं इथे लिहितेय.

पहिल्यांदा गेलो तेव्हा टूर बुक करताना मी फक्त किंमत आणि पिकअपची वेळ बघितली. बीच छान झाला, मग जिथून सूर्यास्त बघतात त्या समुद्रालगतच्या कड्यावर पोचलो, जागा मिळाली, आणि सूर्य पाण्यापासून चार बोटं वर असताना ड्रायव्हरने हाका मारायला सुरुवात केली, चला चला, गाडी निघतेय. खरंच निघाली. सासूबाई मागच्या सीटवर मान वळवून काचेतून बघत बसल्या होत्या आणि झाडांच्या मधून मधून नारिंगी दिसत होतं, तेवढाच आमचा सूर्यास्त. त्यामुळे माझं पहिलं सांगणं हे की बुक करायच्या आधी एकच प्रश्न स्पष्ट विचारा, गाडी कड्यावरून परत किती वाजता निघते? आणि त्या दिवशी सूर्यास्त किती वाजता आहे ते स्वतः मोबाईलवर बघून ठेवा. सूर्यास्तानंतर निदान वीस मिनिटांनी निघणारी गाडी हवी, कारण सूर्य बुडल्यावरचे रंगच जास्त सुंदर असतात. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ संधिप्रकाश फार रेंगाळत नाही, साधारण अर्ध्या तासात अंधार होतो, म्हणजे थांबायचंय ते तेवढंच.

वेळ महिन्यानुसार बदलते हे लक्षात घ्या. नोव्हेंबरच्या शेवटी साडेपाचच्या आसपास सूर्य बुडतो, जुलैच्या सुरुवातीला पावणेसातच्या थोडं पुढे. वर्षभर एकच वेळापत्रक चालवणारी टूर असेल तर एका मोसमात तुम्ही तिथे ताटकळणार आणि दुसऱ्या मोसमात सूर्य वर असताना निघणार. अजून एक, जमैकात घड्याळ उन्हाळ्यात पुढे करत नाहीत, त्यामुळे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून उन्हाळ्यात आलात तर तिथली वेळ एक तास मागे असते. मोबाईल आपोआप बदलतो, हातातलं घड्याळ नाही, आणि लॉबीत तासभर आधी येऊन बसलेली माणसं मी बघितली आहेत.

क्रूझने येणाऱ्यांना मात्र मनापासून सांगते, सूर्यास्ताची टूर घेऊ नका. जहाजं बहुतेक वेळा संध्याकाळी लवकर सगळ्यांना परत बोलावतात, आणि जहाज ओचो रिओस या दुसऱ्या बंदराला लागलं असेल तर नेग्रिल एका बाजूने तीन तासांच्या वर आहे. सगळा दिवस गाडीतच जाईल. मॉन्टेगो बेला लागलं असेल तर सकाळी बीच करून दुपारी परत या, तेवढंच.

मॉन्टेगो बे ते नेग्रिल साधारण ८० किलोमीटर, रस्ता मोकळा असेल तर दीड तास. गाड्या डावीकडून चालतात आणि वाटेत बराच वेळ समुद्र उजव्या हाताला राहतो, म्हणजे जाताना उजवीकडची खिडकी पकडा. मध्ये लुसी नावाचं गाव लागतं, लिहितात वेगळं पण म्हणतात लुसी. तिथल्या कोर्टाच्या घड्याळाची गोष्ट ड्रायव्हर हमखास सांगतो: एकोणिसाव्या शतकात ते घड्याळ म्हणे सेंट लुशिया बेटासाठी निघालं होतं, नावाच्या घोटाळ्यात इथे उतरलं आणि गावकऱ्यांना इतकं आवडलं की त्यांनी वरचे पैसे भरून ठेवूनच घेतलं. असल्या गोष्टींसाठीच तर गाईड हवा. ड्रायव्हरशी बोला, तिथे आधी गुड मॉर्निंग म्हटल्याशिवाय थेट प्रश्न विचारणं उद्धटपणाचं समजतात, आणि एकदा नीट नमस्कार-चमत्कार झाले की माणसं भरभरून बोलतात.

गाडी निवडताना नंबरप्लेट बघा. परवाना असलेल्या प्रवासी गाड्यांना लाल प्लेट असते. रस्त्यावर कोणी स्वस्तात नेतो म्हणाला आणि प्लेट पांढरी असेल तर नको म्हणा. मोठ्या बसची टूर स्वस्त पडते पण ती दहा हॉटेलं फिरून माणसं गोळा करते आणि त्यातच एक तास जातो. चार-पाच जण असाल तर स्वतःची व्हॅन ड्रायव्हरसकट ठरवा, माणशी फरक फार उरत नाही आणि वेळ तुमच्या हातात राहते. दुसऱ्या वेळी आम्ही तेच केलं. ठरवताना किती तास, कुठे कुठे थांबायचं, थांबून राहण्याचे वेगळे पैसे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठले डॉलर, हे बोलून घ्या. तिथे जमैकन डॉलर आणि अमेरिकन डॉलर दोन्ही चालतात आणि तोंडी दोन्हीला नुसतं डॉलरच म्हणतात, एका अमेरिकन डॉलरला दीडशेच्या वर जमैकन डॉलर होतात, म्हणजे गैरसमज झाला तर केवढा होईल बघा. सुट्ट्या छोट्या नोटा भरपूर ठेवा.

बॅगेत काय घ्यायचं ते तुम्हाला माहीत असतंच, तीनच गोष्टी सांगते. पाण्यात चालणारे रबरी तळाचे बूट, कारण कड्याखालच्या खडकांवर काटेरी समुद्री साळू असतात आणि चुनखडीचा खडक धारदार आहे. डास पळवणारं क्रीम, कारण नेग्रिलच्या बीचच्या मागे मोठी दलदल आहे आणि संध्याकाळ झाली की डास आणि वाळूतल्या बारीक माश्या बाहेर पडतात. आणि मिलिटरीच्या हिरव्या ठिपक्यांचे कपडे अजिबात घेऊ नका, टोपी नाही की पोराची चड्डी नाही, जमैकात सामान्य माणसाने ते घालणं कायद्याने मना आहे.

आता बीच. नाव सेव्हन माईल बीच पण सात मैल नाहीये, चार-साडेचार मैलांच्या आसपास आहे, आणि ते पुरेसं आहे हो. पश्चिमेकडे तोंड असल्याने पाणी बहुतेक वेळा शांत, लांबपर्यंत उथळ, लहान मुलं आणि पोहता न येणारी मोठी माणसं दोघांनाही सोयीचं. सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात कमरेपर्यंत गेल्या त्या इथे, पाच पावलं टाकली की थांबून खाली बघायच्या, स्वतःच्या पायाची बोटं पाण्यातून दिसतायत म्हणून. टूरवाले सहसा एखाद्या बीचबारपाशी सोडतात, तिथे खुर्ची, बाथरूम, बदलायची जागा तिकिटात धरली आहे का ते विचारून घ्या. उन्हाचं काय ते सकाळीच करा, क्रीम लावून निदान पंधरा-वीस मिनिटं थांबून मग पाण्यात, आणि शक्यतो प्रवाळाला अपाय न करणारं क्रीम घ्या, कारण ही वाळू टिकते ती समोरच्या प्रवाळामुळे आणि इथला किनारा गेली कित्येक वर्षं झिजतोय.

बीचवर विकणारे येतात. वेणी घालायची का, काचेच्या तळाची बोट हवी का, कोरफड लावू का, आणि हो, गांजा हवा का. घाबरायचं काही नाही, पण मान फिरवून दुर्लक्ष करू नका, डोळ्यात बघून हसून नो थँक यू म्हणा, एकदाच आणि ठाम. गांजाबद्दल लोकांचा गोड गैरसमज असतो की जमैकात सगळं चालतं. २०१५ मध्ये कायदा बदलला, दोन औंसापर्यंत जवळ सापडला तर तुरुंगाऐवजी दंड होतो, पण सरसकट परवानगी झालेली नाही आणि विमानतळावर तर विसराच. गांजा हा शब्द मात्र आपल्याकडचाच, १८४५ पासून ऊस तोडायला नेलेल्या भारतीय मजुरांबरोबर तो तिथे पोचला. करी आणि रोटी पण त्यांच्याचबरोबर. जमैकन करी गोटचा वास आला तेव्हा ही गोष्ट आठवली आणि मी थोडा वेळ नुसती उभी राहिले. कुठून कुठे नेलं माणसांना.

जेवण बीचवरच उरका, कड्यावर गर्दीत वेटर मिळेपर्यंत सूर्य जातो. मांसाहारी असाल तर जर्क चिकन म्हणजे झणझणीत मसाला लावून निखाऱ्यावर भाजलेलं चिकन, सोबत फेस्टिव्हल म्हणजे मक्याच्या पिठाची गोडसर तळलेली लांबट वडी. शाकाहारी लोकांनी आयटल असा शब्द लक्षात ठेवा, रास्ताफारी म्हणजे जमैकातल्या एका पंथाच्या लोकांचं जेवण, नारळाच्या दुधात शिजवलेल्या भाज्या आणि कडधान्यं, मांस नाही. राईस अँड पीजमधले पीज म्हणजे मटार नाही, राजमा असतो, पण कधी कधी त्यात डुकराचं मांस चवीला घालतात, विचारून घ्या. कॅलालू दिसली तर नक्की मागवा, ही आपल्या माठाची सख्खी बहीण, फक्त खारवलेला मासा न घालता द्या म्हणून सांगा. बिल आल्यावर सर्व्हिस चार्ज आधीच लावलाय का बघा, लावला असेल तर वेगळी टिप द्यायची सक्ती नाही.

साडेतीन-चारच्या सुमारास (उन्हाळ्यात पाचपर्यंत चालेल) बीच सोडायचा. कितीही छान वाटत असलं तरी सोडायचा. नेग्रिलचे दोन भाग आहेत, उत्तरेला वाळू आणि दक्षिणेला वेस्ट एंडचे चुनखडीचे कडे, आणि सूर्यास्ताला सगळ्या गाड्या त्याच एका अरुंद रस्त्याने कड्यांकडे जातात. बहुतेक टूर कड्यावरच्या रिक्स कॅफे या बारला नेतात. १९७४ पासून आहे, १९८८ चं गिल्बर्ट आणि २००४ चं आयव्हन अशा दोन चक्रीवादळांनी झोडपलं तरी पुन्हा उभं राहिलं. सूर्यास्ताच्या दीड तास आधी पोचलात तर कठड्यालगत जागा मिळते, उशीर झाला तर समोर लोकांचे वर केलेले मोबाईल दिसतात. कॅफेमध्ये बॅंड जिथे वाजतो त्याच्यासमोर बसू नका, बाजूला, पाण्याच्या कडेला, जिथून उजवी-डावी दोन्हीकडची क्षितिजरेषा दिसते तिथे बसा. डिसेंबरात सूर्य बराच डावीकडे बुडतो आणि जूनमध्ये उजवीकडे, मोबाईलवरच्या होकायंत्राने आधीच दिशा पाहून ठेवली तर मग धावपळ होत नाही.

कड्यावरून समुद्रात उडी मारायची का? वेगवेगळ्या उंचीच्या जागा आहेत, सगळ्यात उंच साधारण ३५ फूट. खालच्या जागेवरून आधी एकदा मारून बघा. पाय खाली, शरीर सरळ, हात अंगाला घट्ट, कारण पसरलेल्या हाताने पाण्यावर आपटलं की जिव्हारी लागतं. चष्मा, अंगठी, मंगळसूत्र वर ठेवून जा. दारू घेतली असेल तर नाही म्हणजे नाही, आणि पाठीचं किंवा मानेचं दुखणं असेल तरी नाही. उडी मारणं सोपं आहे, ओल्या शिडीने परत वर येणं हे खरं काम, लाट आली की कठड्याला धरून थांबायचं, लाट ओसरली की चढायचं. तिथली स्थानिक मुलं झाडावर चढून त्याहून कितीतरी उंचावरून सूर मारतात, डबा फिरवतात, त्यांना पैसे द्या, बघितलं असेल तर द्याच.

गर्दी नकोच असेल आणि गाडी स्वतःची असेल तर ड्रायव्हरला सांगा पुढे दीपगृहाकडे ने. १८९४ चं दीपगृह आहे, वस्ती विरळ होत जाते. दुसऱ्या वेळी आम्ही त्या बाजूच्या एका छोट्या खानावळीच्या अंगणात बसलो होतो, नाव लिहीत नाही कारण सहाच खुर्च्या होत्या. सूर्य पाण्याला टेकला तेव्हा खालून आधी चपटा झाला, मग कडेने थरथरल्यासारखा, आणि दोन-अडीच मिनिटांत गेला. मालकीणबाई रोज बघत असणार, तरी हात पुसत बाहेर आल्या आणि आमच्याबरोबर उभ्या राहिल्या. कोणी बोललं नाही. सासूबाईंनी हात जोडले.

जायच्या आधी एक चौकशी जरूर करा. २८ ऑक्टोबर २०२५ ला मेलिसा चक्रीवादळ वेस्टमोरलंड परगण्याच्या, म्हणजे नेग्रिलचा बराच भाग ज्यात येतो त्याच परगण्याच्या किनाऱ्यावर धडकलं आणि पश्चिम जमैकाचं फार नुकसान झालं. कुठलं हॉटेल, कुठला रस्ता, कुठला बीचबार चालू आहे ते ऑपरेटरला त्या आठवड्यात विचारा, जुन्या फोटोंवर जाऊ नका. आणि जा, त्या लोकांचं घर पर्यटनावर चालतं, टिप देताना हात आखडू नका. वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्या काळात बुकिंग करताना रद्द केलं तर पैसे परत मिळतात का हे लेखी घ्या.

परतीचा रस्ता अंधारात, वळणावळणाचा आणि मध्ये थांबायला विशेष काही नाही, म्हणून निघायच्या आधी बाथरूमला जाऊन या आणि गाडी लागणाऱ्याला पुढे बसवा. ओले कपडे कड्यावरच बदला, एसीमध्ये दीड तास ओल्याने काढणं मुलांना झेपत नाही. उन्हाळ्यात हॉटेलला पोचेपर्यंत नऊ वाजून जातात आणि तुमचं हॉटेल उतरवायच्या यादीत शेवटी असेल तर आणखी उशीर, तेव्हा रात्रीचं जेवण किती वाजता बंद होतं ते सकाळी निघतानाच रिसेप्शनला विचारा आणि नाहीच जमणार असेल तर लुसीतून भाजीच्या पॅटीज बांधून घ्या.