बेगमीची परसबाग: लागवडीपासून बरणीपर्यंत

घरात दहा-अकरा माणसे जेवणारी असली आणि घरामागे पाच गुंठे ओलिताखालची जागा असली, तर वर्षाची बहुतेक भाजी त्या जागेत सहज पिकते. खरी अडचण येते ती पिकलेले टिकवण्याची. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या घरी पहिल्या वर्षी आम्ही जूनच्या पावसावर मिरची, गवार, दोडका, भेंडी असे सारे एकदम लावले. ऑगस्टअखेरीस टोपल्या भरभरून माल निघाला, शेजारीपाजारी वाटूनही तो उरला, आणि वाळत घातलेल्या मिरच्यांवर तिसऱ्याच दिवशी बुरशी धरली. तेव्हापासून आम्ही हिशेब उलटा मांडतो. कडक आणि कोरडे ऊन आपल्याकडे फेब्रुवारी ते मे एवढेच खात्रीने मिळते, तेव्हा जे वाळवायचे ते या उन्हात हाताशी येईल अशा बेताने पेरावे, आणि जे वाळवायचे नाही ते थोडे थोडे, पंधरा दिवसांच्या अंतराने पेरत राहावे. मेथी, पालक, कोथिंबीर यांचे वाफे असे पाळीपाळीने पेरले, म्हणजे रोजची भाजी मोडत नाही आणि जुनावतही नाही.

सुरुवात कोहळ्यापासून करावी, कारण तो पावसाळ्यात लावूनही उन्हाळ्यापर्यंत स्वतःला सांभाळतो. जूनमध्ये कुंपणाच्या कडेने दीड-दोन हात रुंदीची आळी खणून प्रत्येकात घमेलेभर कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळावी, तीन-चार बिया टोकाव्यात आणि उगवून आल्यावर जोमदार असे दोनच वेल ठेवावेत. फळ तयार झाल्याची खूण त्याच्या सालीवर दिसते: कोवळ्या फळावरची लव गळून जाते आणि राख फासल्यासारखा पांढरा थर चढतो. हा थर पुसू नये, फळ धुऊ नये, आणि तोडताना चार बोटे देठ राखावा, कारण सड बहुधा देठाकडूनच आत शिरते. असे कोहळे जमिनीला न टेकवता शिंक्यात टांगले किंवा पेंढ्यावर सुटे सुटे मांडले, की मार्चपर्यंत निश्चिंत राहता येते. लाल भोपळाही याच रीतीने टिकतो.

मिरचीची लागवड दोनदा करावी. वर्षाच्या मसाल्यासाठी लाल मिरची हवी असते. तिचे रोप जूनमध्ये गादीवाफ्यावर टाकून पाच-सहा आठवड्यांनी ६० बाय ४५ सेंटीमीटरवर लावले, की डिसेंबरपासून पिकून लाल झालेली फळे तोडता येतात. ओल्या लाल मिरचीची वाळून साधारण चौथाई होते, म्हणजे दहा किलो वाळकी मिरची हवी असल्यास चाळीस किलो ओली धरून रोपांची संख्या ठरवावी. आमच्या घराला दीडशे रोपे पुरतात. सांडग्या मिरचीसाठी मात्र जाड सालीची, कमी तिखट मिरची वेगळी लावावी लागते आणि तिचे रोप डिसेंबरमध्ये टाकावे लागते, तरच ती मार्च-एप्रिलच्या उन्हात हिरवीगार मिळते. दोन्ही वेळा खरा धोका बोकड्या या रोगाचा असतो. फुलकिडे आणि कोळी रस शोषू लागले, की पाने चुरगळतात. त्यासाठी अर्धा किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, सकाळी फडक्यातून गाळून ते पाणी दहा लिटर करावे, आणि पाने चुरगळण्याची वाट न पाहता दर आठ-दहा दिवसांनी संध्याकाळी फवारावे. वाफ्याभोवती मक्याच्या दोन ओळी दाट पेरल्यास उडत येणाऱ्या किडींना काही प्रमाणात आडोसा होतो, आणि कणसे खायला मिळतात ती वेगळीच.

कांद्याला एक गुंठा राखून ठेवावा. चांगल्या मशागतीत एवढ्या जागेतून अडीचशे किलोच्या आसपास कांदा निघतो, आणि रोज किलोभर कांदा चिरणाऱ्या घराला तो घट धरूनही सहा महिने पुरतो. साठवणीसाठी रब्बीचाच कांदा लावावा, कारण खरिपाचा कांदा टिकत नाही. जुन्या वाणांपैकी एन-२-४-१ हा त्यासाठी नावाजलेला आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रोप टाकून डिसेंबरअखेर १५ बाय १० सेंटीमीटरवर लागण करावी. कांदा सडतो तो बहुतेकदा साठवण्याच्या जागेमुळे नव्हे, तर शेतात शेवटी दिलेल्या पाण्यामुळे आणि उशिरा टाकलेल्या युरियामुळे. म्हणून काढणीपूर्वी दोन-तीन आठवडे पाणी पूर्ण तोडावे. निम्म्या पातींच्या माना आपोआप पडल्या, की कांदा उपटून एकाची पात दुसऱ्याच्या गड्ड्यावर येईल अशा ओळी तीन-चार दिवस वाफ्यातच पसरून ठेवाव्यात. मग दोन बोटे मान ठेवून पात कापावी आणि कांदा सावलीत दहा-पंधरा दिवस सुकू द्यावा. जोड कांदे, डेंगळे म्हणजे फुलाचे दांडे आलेले आणि मान जाड राहिलेले कांदे वेगळे काढून आधी वापरावेत. लसणाला पात कापण्याची गरज नाही. ती ओलसर असतानाच जुड्या वेणीसारख्या विणून हवेशीर ठिकाणी टांगाव्यात.

मार्च उजाडला, की अंगणात वाळवणे सुरू होतात. सांडग्या मिरचीसाठी किलोभर मिरच्या धुऊन पुसून कोरड्या कराव्यात आणि देठ तसाच ठेवून एका बाजूने चीर द्यावी. शंभर ग्रॅम धने आणि पंचवीस ग्रॅम मेथी किंचित भाजून भरड कुटावी, त्यात मीठ, हिंग, हळद घालावी आणि आंबट दह्यात कालवून हे सारण मिरचीत दाबून भरावे. दिवसभर उन्हात ठेवून रात्री मिरच्या पुन्हा मीठ घातलेल्या दाट ताकात बुडवाव्यात. ताक पूर्ण मुरेपर्यंत, म्हणजे तीन-चार दिवस हे चालू ठेवावे आणि नंतर मिरची खडखडीत वाळवावी. कोहळ्याच्या सांडग्यांसाठी एक किलो किसाला पाव किलो उडदाची डाळ पाच-सहा तास भिजवून घ्यावी. किस पिळून निघालेले पाणी टाकू नये, त्याच्याच शिंपणाने डाळ घट्ट वाटावी. साधे पाणी घातले, की सांडगे पसरतात आणि तळल्यावर हलके होत नाहीत. मीठ जिभेला किंचित कमी लागेल इतकेच असावे, कारण वाळल्यावर तेच पुरेसे खारट लागते. गवारीच्या कोवळ्या शेंगा मात्र मिठाच्या पाण्यात अर्ध्या उकडून, निथळून मगच वाळवाव्यात. मेथीला ऊन देऊ नये, ती सावलीतच वाळवावी म्हणजे हिरवी राहते.

वाळले की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. सांडगा मधोमध मोडून पाहावा: कट्कन आवाज आला तर झाला, आत मऊ लागला तर आणखी एक-दोन उन्हे द्यावीत. उन्हातून आणलेले वाळवण गरम असताना डब्यात भरल्यास झाकणाला आतून घाम येतो आणि तिथूनच बुरशी लागते, म्हणून ते पूर्ण निवू द्यावे. कोकणात ज्याला आगोटीची तयारी म्हणतात, ती देशावरही मृगापूर्वी उरकावी, आणि त्यात प्रत्येक डब्याला एकदा शेवटचे ऊन दाखवणे आवर्जून धरावे.

एक इशारा येथे स्पष्टपणे दिला पाहिजे. मटार, गवार, गाजर यांसारख्या आंबट नसलेल्या भाज्या घरी नुसत्या उकळून हवाबंद बाटलीत भरून ठेवू नयेत. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीज उकळत्या पाण्याने मरत नाही, बंद बाटलीत ते वाढते, आणि त्याचे विष जिवावर बेतते. अशा भाज्या वाळवाव्यात, दोन मिनिटे उकळत्या पाण्यात धरून व लगेच थंड पाण्यात निववून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात, किंवा लिंबाचा रस व भरपूर मीठ घालून त्यांचे लोणचे करावे. लिंबाच्या लोणच्याला किलोमागे दोनशे ते अडीचशे ग्रॅम मीठ लागतेच. तब्येतीसाठी मीठ कमी करायचे असेल, तर लोणचे थोडे घालून फ्रीजमध्ये ठेवावे.

बी राखणे हाही साठवणीचाच भाग आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणे जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली; त्यांनी जे जपले ते आपल्याच आज्या गाडग्यात आणि राखेत ठेवत असत. संकरित वाणाचे बी पुढल्या वर्षी तसेच उतरत नाही, म्हणून बियाण्यासाठी गावरान किंवा सुधारित सरळ वाणच लावावा. वेलावरचे दुसरे-तिसरे निरोगी फळ खुणेची दोरी बांधून पूर्ण पिकू द्यावे, शेवटच्या खुरट्या फळांचे बी धरू नये. कोहळ्याचे बी गर धुऊन सावलीत वाळवावे, चुलीच्या चाळलेल्या राखेत घोळावे आणि कोरड्या बरणीत ठेवावे. जूनमध्ये आळ्यात टोकण्यापूर्वी दहा बिया ओल्या फडक्यात बांधून आठवडाभर ठेवाव्यात. सात-आठ बियांना मोड आले तर बी चांगले समजावे, आणि कमी आले तर प्रत्येक आळ्यात दोन बिया जास्त टाकाव्यात.