डोळ्याचा ड्रॉप गालावर ओघळतोय? अँटिबायोटिक थेंब टाकताना या चुका टाळा

अँटिबायोटिक ड्रॉप नेल्यावर चौथ्याच दिवशी एक काका रिकामी बाटली घेऊन आमच्या मेडिकलमध्ये आले. "ड्रॉप संपला, डोळा आहे तसाच. जरा स्ट्राँग द्या दुसरा."

बाटली ५ मिलीची. तिच्यात साधारण शंभरेक थेंब असतात. चिठ्ठीवर लिहिलेलं, उजव्या डोळ्यात एक थेंब, दिवसातून तीनदा, सात दिवस. म्हणजे सगळा कोर्स २१ थेंबांचा. बाकीचं औषध गेलं कुठे? बाटली हातात घेतल्यावर उलगडा झाला. काकांनी सुई तापवून नळीला भोक पाडलं होतं. दाबलं की थेंब नाही, धारच.

काउंटरवर उभं राहून इतकी वर्षं झाली, पण ही चूक दर आठवड्याला दिसते. बऱ्याच बाटल्यांची नळी वरून बंद येते. टोपीच्या आत छोटा काटा असतो. टोपी शेवटपर्यंत गच्च पिळली की तो काटाच नेमकं भोक पाडतो. सुई, टाचणी, कात्री काही लागत नाही. कात्रीने टोक कापणारेही आहेत. त्यांची बाटली तर दोन दिवसांत संपते, आणि घरातल्या सुई-कात्रीवरचे जंतू औषधात जातात ते वेगळंच.

मुळात डोळ्यात जागा किती? बाटलीतला एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा, आणि खालच्या पापणीच्या खोबणीत जेमतेम ३० मावतात. एकाच थेंबाने डोळा भरून सांडतो. त्यामुळे "दोन टाकले तर लवकर बरं होईल" हा हिशेब गालावर जातो. दोन वेगवेगळे ड्रॉप लिहून दिले असतील तर मध्ये निदान पाच मिनिटं थांबायचं, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी.

टाकायची रीत सोपी आहे, फक्त घाई नको. हात साबणाने धुवा. डोळ्याला चिपडं असतील तर आधी उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून पुसून घ्या, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. पुवाच्या थरावर टाकलेलं औषध पुवाबरोबरच बाहेर येतं. मग मान मागे, खालची पापणी बोटाने ओढून खोबण करायची, नजर वर, आणि थेंब त्या खोबणीत. बुबुळावर नेम धरायला गेलात की डोळा मिटणारच. नळीचं टोक पापणीला लागू देऊ नका. एकदा लागलं की डोळ्यातले जंतू बाटलीत. थेंब पडला की डोळा हळूच मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरा. तिथूनच अश्रू नाकात उतरतात. "ड्रॉप टाकला की घसा कडू होतो" असं जे म्हणतात, त्यांचं औषध याच वाटेने घशात गेलेलं असतं. आणि डोळे पटपट मिचकावणं म्हणजे औषध पंपाने उपसून टाकणं.

लहान पोरं डोळा घट्ट मिटून घेतात. त्यांना आडवं झोपवा, मिटलेल्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात थेंब ठेवा. कधीतरी उघडतोच.

आता सगळं नीट करूनही गुण येत नसेल तर? मग बहुधा औषध चुकत नाही, आजार वेगळा असतो. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीत आणि मग राज्यभर डोळ्यांची साथ पसरली, तेव्हा अँटिबायोटिक ड्रॉपसाठी मेडिकलसमोर रांगा होत्या. अशा साथी बहुतेक विषाणूंच्या असतात आणि विषाणूवर हे थेंब चालत नाहीत. तो डोळा एक-दोन आठवड्यांत आपला आपण बरा होतो. घट्ट पिवळा-हिरवा पू, सकाळी पापण्या चिकटलेल्या, असं असेल तर जिवाणूंचा संशय जास्त. पाणी गळत असेल, सर्दी-घसाही असेल, तर विषाणूचा. दोन्ही डोळ्यांना नुसती खाज, तर ॲलर्जी. पण हे अंदाज झाले. पक्कं सांगणं डॉक्टरांचं काम, माझंही नाही.

यातली सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच आहे. "मागच्या वेळी तो लाल खोक्यातला ड्रॉप दिला होता, एका दिवसात डोळा पांढरा झाला, तोच द्या." खोक्यावर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा लोटेप्रेडनॉल लिहिलंय का बघा. असेल तर त्यात स्टिरॉइड आहे. ते लाली झटकन उतरवतं, म्हणून लोकांना आवडतं. पण ऊस तोडताना पात लागलेला, मळणीत भाताचं कुसळ गेलेला डोळा असेल तर त्यात बुरशी वाढत असू शकते. स्टिरॉइडने तिला रान मोकळं मिळतं आणि बुबुळावर फूल पडून नजर जाऊ शकते. डोळ्यात हर्पिस विषाणूचा संसर्ग असेल तरी तसंच. शेतात डोळ्याला लागलं असेल तर मेडिकलमध्ये येऊच नका, नेत्रतज्ज्ञ गाठा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी लेन्स काढायची आणि तेच करायचं. ठणका, उजेड सहन न होणं, अंधुक दिसणं, बुबुळावर पांढरा ठिपका, महिन्याच्या आतल्या बाळाच्या डोळ्यात पू, किंवा तीन दिवसांत काहीच फरक नाही, यातलं काहीही असेल तर थेंब मोजत बसू नका.

दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून बंद करणारे आणि महिनाभर चालू ठेवणारे, दोघेही भेटतात. सांगितले तितके दिवस टाका. उगाच लांबवलं तर ड्रॉपमधल्या प्रिझर्व्हेटिव्हनेच (औषध टिकवणाऱ्या रसायनाने) डोळा लाल राहतो आणि माणूस त्याला आजार समजून आणखी टाकत बसतो.

राहिला प्रश्न उरलेल्या ऐंशीएक थेंबांचा. हीच बाटली फ्रिजच्या दारात जाते आणि पुढच्या वर्षी सुनेच्या, नातवाच्या डोळ्यात पडते. खोक्यावरची एक्स्पायरी न उघडलेल्या बाटलीची असते. उघडल्यावर बहुतेक ड्रॉप २८ दिवसांत टाकून द्यायचे असतात. म्हणून हल्ली मी बाटली देतानाच पेन पुढे करतो, उघडाल त्या दिवशीची तारीख लेबलवर लिहा म्हणून. ते काका म्हणाले, "एवढं औषध फेकून द्यायचं?" म्हटलं, काका, तुम्ही तर तीन दिवसांत सगळं गालावरून सोडलंत.