कामावरच्या केमिकलमुळे होणारा दमा: तपासताना या चुका टाळा

गॅरेज, बेकरी, सलून, सोल्डरिंगचे गाळे, मुंबईत कुठेही एक्स्पोजर, म्हणजे कामगाराच्या श्वासात किती केमिकल जातं ते, तपासायला जा, त्याच त्याच चुका दिसतात. आता खरंच वैताग आलाय म्हणून लिहितोय.

सगळ्यात वाईट म्हणजे हवेचा रिपोर्ट लिमिटच्या, म्हणजे हवेत केमिकल किती चालतं त्या मर्यादेच्या, आत आला की फाइल बंद. कुर्ल्याच्या एका गॅरेजमध्ये टू-के पेंट (हार्डनर मिसळून मारायचा रंग) मारणारा एक पोरगा होता, रात्री खोकून खोकून उठून बसायचा, छातीत शिट्टी वाजायची, घरचे म्हणायचे मुंबईची हवाच खराब, डॉक्टरने खोकल्याचं औषध दिलेलं, आणि कामावर असताना फारसं काही होत नाही म्हटल्यावर पेंटवर कोणाचा संशयच नाही. पण हार्डनरमधल्या आयसोसायनेट नावाच्या केमिकलचं असंच असतं, त्रास बऱ्याचदा ४ ते ८ तासांनी उठतो. मी विचारलं, गणपतीत गावी गेलेलास तेव्हा कसं होतं? म्हणाला, तिकडे एकदम बरा होतो, आलो आणि परत सुरू. मग मालकाने त्याला डेंटिंगवर टाकलं, पण त्याच शेडमध्ये, मधे नुसता प्लॅस्टिकचा पडदा! खोकला कसा थांबणार? आणि वर रिपोर्ट दाखवतो, लिमिटच्या आत आहे ना साहेब. अहो, एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की लिमिटच्या कितीतरी खालीही दमा उठतो. दुसऱ्या गाळ्यात पार्ट्सच्या काउंटरवर बसवलं तेव्हा कुठे त्याला झोप लागायला लागली.

म्हणून मी हवेचा नमुना घ्यायचा पंप बॅगेतून काढायच्या आधी माणसांशी बोलतो. खोकला कधी येतो, रविवारी कसं असतं, गावी गेल्यावर कसं असतं. संशय आला की डॉक्टरांना सांगून पीक फ्लो मीटर (श्वास किती जोरात सुटतो ते मोजायची नळी), दिवसातून निदान ४ वेळा फुंकायचं, ३-४ आठवडे, सुट्टीचे दिवस धरून. नवीन डिप्लोमावाल्या पोरांना एवढा धीर नसतो, त्यांना व्हॉट्सॲपवर तयार फॉरमॅट पाहिजे असतो. त्या फॉरमॅटमध्ये रविवारचा रकानाच नसतो.

पंप भिंतीवर एक्झॉस्टजवळ लटकवू नका, कामगाराच्या कॉलरला लावा, नाकापासून ३० सेंटिमीटरच्या आत. आणि ज्या दिवशी खरोखर फवारणी आहे त्याच दिवशी.

वासावर जाऊ नका. फोमच्या कामातल्या टीडीआयचा (हेही एक आयसोसायनेटच) वास नाकाला लागेपर्यंत लिमिट कधीच ओलांडलेली असते.

एन-९५ धुळीसाठी आहे, वाफेसाठी नाही. टू-के फवारणीला बाहेरून ताजी हवा देणारा एअरलाइन मास्कच पाहिजे, यात मी तडजोड करत नाही.

बेकरीत सांडलेला मैदा कोरडा झाडू नका, हवा मारून तर अजिबात नको. मैद्याची धूळ आणि ब्रेड इम्प्रूव्हरमधलं अमायलेज हे एन्झाइम, दोन्हीने दमा होतो. ओल्या पोछ्याने पुसा.

एसडीएस, म्हणजे केमिकलसोबत येणारं सुरक्षेच्या माहितीचं पत्रक, फाइलला लावून ठेवता, वाचा तरी. दुसऱ्या सेक्शनमध्ये एच-३३४ हा धोक्याचा कोड दिसला म्हणजे श्वासावाटे ॲलर्जी, दमा करणारा माल आहे.

आणि कामगाराला सांगा, डॉक्टरच्या कागदावर नुसतं 'दमा' नको, काय काम करतो, कुठलं केमिकल, कधीपासून, सगळं तारखेसकट लिहून घे. नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत कामामुळे होणारा दमा आहे, पण क्लेम करायला गेलं की हाच कागद मागतात.